दहा प्रकार की तीव्रता? व्यक्तिमत्त्व विकार समजून घेताना

परभणी-हिंगोली भागात समुपदेशनाला नव्याने बसणारी मुलं हमखास विचारतात, "सर, व्यक्तिमत्त्व विकारासाठी डीएसएम धरायचं की आयसीडी-११?" डीएसएम म्हणजे अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदान-पुस्तिका, आयसीडी-११ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी. निदान मानसोपचारतज्ज्ञच करणार, हे गृहीत धरून बोलतो, पण समोरच्या माणसाकडे बघायचं कसं, हे आपल्यालाही ठरवावंच लागतं.

डीएसएम-५चे १० प्रकार तुम्हाला पाठ असतील. पुस्तकं, संशोधन, परीक्षा, सगळं त्याच भाषेत चालतं. डीबीटी या मानसोपचार पद्धतीचं नावही बॉर्डरलाइनबरोबरच (भावना आणि नाती सतत हेलकावणारा प्रकार) घेतलं जातं. २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ने मात्र हे कप्पे मोडले. आधी तीव्रता बघायची: सौम्य, मध्यम की तीव्र. मग पाच गुणलक्षणांपैकी, म्हणजे स्वभावाच्या कलांपैकी, ठळक कोणती ते. जुन्या प्रकारांपैकी बॉर्डरलाइन तेवढं जोड-नोंद म्हणून ठेवलंय.

मला डीएसएमचं खटकतं ते एकच. बॉर्डरलाइनच्या ९ निकषांपैकी ५ जुळले की शिक्का बसतो. म्हणजे दोघींवर एकच शिक्का असतो आणि दोघींत सारखा निकष फक्त एक असू शकतो! जिंतूरकडच्या एका भावाने बहिणीची फाईल पुढे केली. कागदावर 'बॉर्डरलाइन / हिस्ट्रिऑनिक' (हा सतत लक्ष वेधून घेण्याचा प्रकार), दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. "मग नेमकं कोणतं हो सर?" लगेच पुढचं, "सोयरिकीत पाहुण्यांना काय सांगावं?" बहीण शेजारीच बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिच्या त्रासाबद्दल अजून एक शब्दही निघाला नव्हता.

तीव्रतेच्या भाषेत बोललं की प्रश्न बदलतात, असा माझा तरी अनुभव आहे. "राग आवरत नाही, मैत्रिणी टिकत नाहीत, पण कॉलेज नीट चालू आहे" असं मांडलं की घरचे विचारतात, "हे कमी होतं का?" या प्रश्नाला धरून पुढचं काम करता येतं.

आयसीडीतही धोका आहे. 'सौम्य' हा शब्द हट्टी सासऱ्याला किंवा अबोल भावालाही सहज चिकटवला जाईल. त्रास साधारण २ वर्षं किंवा जास्त आहे का, घरात आणि बाहेरही दिसतो का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नेट-सेट द्यायची असेल तर डीएसएम सोडू नका. केसपेपर लिहिताना मात्र मी आयसीडी-११कडे झुकेन. डीएसएम-५च्या तिसऱ्या विभागातही गुणलक्षणांवर आधारलेलं पर्यायी मॉडेल आहेच. तिथून वाचायला सुरुवात केली तर दोन्ही भाषा बरोबरच हाताशी येतात.