जुन्या वाड्याची हेरिटेज तपासणी करून घेतली, त्याचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमचा वाडा पुण्यात, शनिवारवाड्याला अगदी लागून म्हणता येईल असा, आजेसासऱ्यांच्या आधीपासूनचा. दोन वर्षं एक बिल्डर आमच्या काकांच्या मागे लागला होता, की शंभर वर्षं होऊन गेलीत, आता कधीही हेरिटेज लागेल, मग भिंतीत खिळासुद्धा ठोकता यायचा नाही, त्याआधी सह्या करा आणि मोकळे व्हा. काकांचं वय ऐंशी, त्यांनी धसकाच घेतला, रात्र रात्र झोप नाही. शेवटी मी आणि दीर म्हणालो, जाणकार कोणीतरी आणू आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावू. दोन कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट मुली मिळून ही सर्व्हिस देतात, येऊन वास्तू बघतात, कागद तपासतात आणि ती कायद्याने नक्की कशात मोडते ते लेखी देतात. १२,००० रुपये घेतले.

आल्या आल्या चहाला नको म्हणाल्या, आधी प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढायला लावला. मला वाटलं होतं आधी खांब-तुळया बघतील. तर मोठी म्हणाली, काकू, वाडा किती जुना ते नंतर, आधी तो कुठल्या यादीत आहे का आणि कशाच्या जवळ आहे ते बघू. तिथेच निम्मा प्रश्न सुटला.

कारण हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं की शंभर वर्षं झाली म्हणून आपोआप काहीच होत नाही. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, त्यात शंभर वर्षं ही किमान अट आहे, पण त्यासोबत ऐतिहासिक, पुरातत्त्वीय नाहीतर कलेच्या दृष्टीने महत्त्व पाहिजे आणि सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून तशी अधिसूचना काढायला पाहिजे. तीसुद्धा एका रात्रीत निघत नाही, आधी नोटीस लागते आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे महानगरपालिकेची हेरिटेज यादी, ती वेगळीच, तिथे ग्रेड १, २, ३ असतात. आमचा वाडा ह्या दोन्हीत नाही. म्हणजे जुना आहे, पण कायद्याने वारसा वास्तू नाही.

काकांचा चेहरा एकदम खुलला. पण पुढचं ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे आणि त्याच १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर दिल्ली दरवाज्यापासून मोजायचं नाही, हद्दीपासून मोजायचं, दीर इतकी वर्षं दरवाज्यापासून पावलं मोजत होते. हद्दीपासून आमची भिंत ८० मीटरच्या आतच येते. म्हणजे पाडून नवीन बिल्डिंग बांधायला परवानगीच नाही! नियंत्रित क्षेत्रात असतो तर परवानगी घेऊन बांधता आलं असतं. मग तो माणूस पाच मजल्यांचा प्लॅन दाखवून सह्या कशाच्या मागत होता, हे मी अजून काकांना नीट सांगितलेलं नाही, त्यांना त्रास होईल.

पण दुरुस्ती करता येते, हे मला ठळक लिहायचंय कारण आमच्या भागात सगळे म्हणतात काहीच करता येत नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभी असलेली इमारत असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून दुरुस्ती आणि नूतनीकरणाची परवानगी मागता येते. त्यासाठी घर तेव्हा उभं होतं याचा पुरावा लागतो, आमची जुनी टॅक्सची पावती आणि १९७१ चा दिरांच्या मुंजीचा फोटो, मागे ओसरीचे खांब स्पष्ट दिसतात, दोन्ही त्यांनी फाईलला लावले.

माझं माहेर गिरगावात, तिथली आमची चाळ ग्रेड ३, म्हणून मी तेही विचारून घेतलं. मुंबईत हे नियम १९९५ पासून आहेत आणि तिथे वयापेक्षा वास्तूचं महत्त्व बघतात. ग्रेड १ ला जवळजवळ हात लावायचा नाही, ग्रेड ३ मध्ये आतून बाहेरून बदल चालतात, फक्त गल्लीचा चेहरा बिघडायला नको. दीर ट्रेकिंगवाले, त्यांनी युनेस्कोचं काढलं, २०२५ मध्ये आपले किल्ले यादीत गेले त्याचं काय म्हणून. तर त्या म्हणाल्या, युनेस्कोमुळे मान मिळतो, पण इथे राखण आपल्याच कायद्याने होते, रायगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि राजगड राज्याच्या, दोन्ही युनेस्कोत.

मग तासभर वाडा बघितला. धाकटीने माजघरातल्या एका तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो बोटभर आत गेला, ओल्या पावासारखा. वरच्या मोरीचा पाईप तिथूनच जातो आणि १५ वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने सिमेंटचा गिलावा केलाय, त्यामुळे ओल बाहेर पडायला जागा नाही, सगळी लाकडात मुरतेय. चुन्याचा गिलावा परत करा म्हणाली. मला फार वाईट वाटलं, आपणच केलेलं ना. बाकी सुरूदार खांब ठणठणीत आहेत, बोटाच्या पेराने वाजवून दाखवले.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट आठ दिवसांत म्हणून सांगितला आणि पाच आठवड्यांनी आला, तोही सगळा इंग्रजीत, काकांना वाचता येईना. फोन केल्यावर दोन पानांचा मराठी गोषवारा करून दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. आणि खर्चाचा अंदाज त्या देत नाहीत, त्यासाठी चुन्याचं काम येणारा गवंडी आपणच शोधायचा, आम्ही अजून शोधतोय.

ज्यांचं घर पेठांत आहे आणि ज्यांच्या दारात कोणी कागद घेऊन उभं आहे, त्यांनी सहीच्या आधी अशी तपासणी जरूर करून घ्या. आमचा दुरुस्तीचा अर्ज गेल्या सोमवारी दिला, त्यावर काकांनी स्वतः सही केली.