ट्रॉलीमागे गेलेला पॉइंट बाहेर काढायचे चार मार्ग, आणि कुणी कोणता घ्यावा

स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बसून झाल्या की मगच लक्षात येतं की फ्रीजचा पॉइंट, म्हणजे विजेचं सॉकेट, टॉल युनिटच्या (उंच कपाटाच्या) पाठीमागे गेला. किंवा ओट्याखालच्या सॉकेटात १६ अँपिअरचा जाड प्लग लावला की पुढचा खण पुरता बंदच होत नाही. अशा वेळी सुतार एक सुचवतो, वायरमन दुसरं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘एक्स्टेंशन टाकू की!’ माझं मत असं की पॉइंट कुठे अडकला हे नंतर बघा. त्यावर काय चालणार आहे हे आधी ठरवा.

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. ६ अँपिअरच्या सॉकेटवर फार तर १३८० वॅट चालतात, १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३६८०. प्युरिफायर, चिमणी, फ्रीज ही मंडळी एरवी दोन-अडीचशे वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी खातात. मिक्सर पाचशे ते साडेसातशे. पण मायक्रोवेव्ह, इंडक्शन, ओटीजी, डिशवॉशर, किटली, म्हणजे जे जे तापवतं ते, हजार ते दोन हजार वॅट सहज घेतं. तापवणारं यंत्र आहे की नाही, यावर पुढचा बहुतेक निर्णय होतो.

एक्स्टेंशन बोर्ड

सगळ्यात स्वस्त, आजच्या आज होणारा, भिंतीला हात न लावणारा. म्हणूनच तो सगळ्यात जास्त वापरला जातो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. बोर्डावर चार सॉकेट असली तरी त्याचा प्लग ६ अँपिअरचा असेल, तर चौघांचं मिळून १३८० वॅटच. बरेच जण कन्व्हर्टर लावून असा बोर्ड १६ च्या सॉकेटात खोचतात आणि त्यावर १५०० वॅटची किटली आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह एकदम चालवतात. एकूण २७०० वॅट, म्हणजे पावणेबारा अँपिअर. डीबीमधला (घराच्या मुख्य वीजपेटीतला) १६ चा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, इथे पडत नाही, कारण त्याच्या हिशोबाने सगळं ठीक आहे. तो भिंतीतल्या वायरची राखण करतो, बोर्डाच्या बारीक वायरची नाही. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. आणि ही वायर कुठे आहे? बंद कपाटात, प्लायला चिकटून, कुणाला न दिसणारी. त्यात झुरळं आणि उंदीर यांचा वावर धरा.

म्हणून एक्स्टेंशन फक्त भाड्याच्या घरात आणि फक्त हलक्या यंत्रासाठी. तोही जमिनीवर लोळत नाही, तर कपाटाच्या बाजूच्या फळीला स्क्रूने पक्का, वायरचं वेटोळं न करता, आणि खणाच्या चॅनेलपासून लांब. तापवणाऱ्या यंत्राला कधीच नाही.

बॅक पॅनेल कापून सॉकेट पुढे आणणं

भिंत आणि कपाटाची पाठ यांत थोडंच अंतर असेल तर हे काम सुबक होतं. पॅनेल प्लेटच्या मापाने कापायचं, जुन्या बॉक्सवर वाढीव बॉक्स चढवायचा आणि प्लेट पुढे घ्यायची. अट एकच: प्लेट नुसती प्लायवर ठोकून मागे टर्मिनल उघडी ठेवू देऊ नका. ती पूर्ण बॉक्सच्या आतच हवीत. खणामागे मात्र हा उपाय नको, कारण प्लग आणखी पुढे येऊन खणाला अडेल.

जुन्या पॉइंटवरून शेजारच्या कपाटात नवा पॉइंट

बहुतेक घरांना मी हाच सुचवेन. जुन्या बॉक्समधून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्ही वायरी पीव्हीसी पाइपातून किंवा केसिंग पट्टीतून शेजारच्या कपाटात नेतात आणि तिथे हाताशी नवं सॉकेट बसवतात. तोडफोड जवळजवळ नाही, वायर उंदरांपासून सुरक्षित, आणि प्लग काढायला टॉल युनिट हलवावं लागत नाही. बिल्ट-इन ओव्हन किंवा डिशवॉशरच्या नेमकं मागे सॉकेटला जागाच उरत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठीही शेजारचं कपाटच बरं.

यात दोन ठिकाणी काम बिघडतं. पहिलं म्हणजे जोड. वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला जोड पॅनेलमागे गाडून टाकला, तर तो सैल होऊन तापू लागल्याचं कळणार कसं? जोड बॉक्सच्या आत, कनेक्टरने, आणि बॉक्सवर उघडता येणारी कोरी प्लेट. दुसरं, मूळ लाइनची ताकद. ६ चं सॉकेट काढून १६ चं बसवलं म्हणून लाइन १६ ची होत नाही. आत दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर असेल तर ती दीडचीच राहते. १६ च्या पॉइंटला निदान अडीचची हवी. शिवाय त्याच लाइनवर वॉशिंग मशीन किंवा गीझर लूप केलेला नाही ना, हे वायरमनकडून डीबी बंद-चालू करून तपासून घ्या.

डीबीपासून वेगळी लाइन

सर्वांत महाग, धुळीचं आणि वेळखाऊ काम. पण इंडक्शन, ओव्हन, डिशवॉशर रोजच्या वापरात असतील तर पैसे इथेच घाला: स्वतंत्र एमसीबी, अडीचची किंवा लांब पल्ल्याला चारची वायर, आणि डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही याच वेळी. भिंतीत झिरी मारायच्या आधी इमारत कशी बांधली आहे ते विचारा. मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या अनेक नव्या टॉवरमध्ये माइव्हन पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, काँक्रीटच्या भिंती असतात. त्या फोडायच्याच नसतात. तिथे फॉल्स सीलिंगमधून किंवा कपाटांच्या वरून पट्टीतूनच लाइन न्यावी लागते. विटांच्या भिंतीतही झिरी उभी असावी; लांबलचक आडवी झिरी भिंत कमजोर करते.

तिसरा मार्ग घ्या किंवा चौथा, एक मागणी जरूर करा. स्विच आणि सॉकेट एकाच प्लेटवर असायलाच हवेत असं नाही. सॉकेट खाली कपाटात ठेवा आणि त्याचा स्विच ओट्यावरच्या टाइल्सवर घ्या. यंत्रातून धूर आला तर कुणी खाली वाकून डबे बाजूला सारत बसणार नाही. हात थेट स्विचवर जाईल. घरात म्हातारी माणसं असतील तर हा वाढीव खर्च करायलाच हवा.

दोन जागा मात्र कुठल्याही मार्गाने टाळा. सिंकखालचं कपाट, कारण तिथले पाइप आज ना उद्या गळतात. आणि सिलेंडरची ट्रॉली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली त्याच कपाटात साचतो, आणि स्विच दाबताना किंवा प्लग काढताना उडालेली एक ठिणगी त्याला पुरते. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असला, तरी त्याच्या पाइपापासूनही सॉकेट लांबच घ्या.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करा, आणि सुतार व वायरमन यांना एकाच दिवशी बोलवा. पॅनेल पुन्हा बसवण्याआधी उघड्या भिंतीचे टेप लावून मापासकट फोटो काढा, नव्या सॉकेटचं अर्थिंग तपासून दाखवायला सांगा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते स्वतः बघा. यंत्र तापवणारं असेल तर ते अर्धा तास चालवून प्लग आणि प्लेटला हात लावून पाहा. हात ठेवता येणार नाही इतकी ती गरम लागत असतील, तर वायरमन घरात असतानाच काम पुन्हा उघडायला लावा.