कब्ज की व्हाइट सॉक्स?

शिकागोत नव्याने आलेल्या भाचीने विचारलं, "मामा, बेसबॉलची कुठली टीम धरू?" अमेरिकन फुटबॉलमध्ये असा पेच पडत नाही, तिथे सगळं शहर बेअर्सचं. बेसबॉलमध्ये मात्र उत्तर बाजू कब्जची, दक्षिण बाजू व्हाइट सॉक्सची.

मैदानाच्या बाबतीत कब्ज सरस. रिग्ली फील्ड 1914 चं. बाहेरच्या भिंतीवर वेल, धावफलक अजून हाताने बदलतात, आणि रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे आले तेच मुळी 1988 मध्ये. सॉक्सचं मैदान 1991 चं, त्याला तशी शोभा नाही. जाण्यायेण्याला दोन्ही सारखीच, रेड लाइन या लोकल ट्रेनच्या मार्गावर. तिकीट सॉक्सचं सहसा स्वस्त.

विजेतेपदांचं बघ. कब्जनी 2016 मध्ये 108 वर्षांचा दुष्काळ संपवला. अंतिम मालिकेचा, म्हणजे वर्ल्ड सिरीजचा, सातवा सामना दहाव्या डावात 8-7. पण माझ्या मते 2005 चे सॉक्स त्याहून भारी. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांमध्ये, 11 विजय, फक्त एक पराभव! एंजल्स टीमविरुद्ध बर्ली, गार्लंड, गार्सिया आणि कॉन्ट्रेरास या चौघा पिचरनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) ओळीने चार पूर्ण सामने टाकले, म्हणजे प्रत्येकाने एकेका सामन्याचे नऊच्या नऊ डाव एकट्याने. आजकाल पिचरला सहाव्या डावातच बसवतात, म्हणून ती कामगिरी मला अजून थक्क करते. तिची कदर शहराबाहेर झालीच नाही, याचं वाईट वाटतं.

सॉक्सचा पडता काळही भयंकर: 2024 मध्ये 121 पराभव.

गर्दी, जल्लोष, जुनं मैदान हवं असेल तर कब्ज. कमी खर्चात वरचेवर जाऊन खेळच बारकाईने शिकायचा असेल आणि हरणाऱ्या टीमसोबत थांबायची तयारी असेल, तर सॉक्स.