गूगल फॉर्म्समधील रेडिओ बटण : एक परीक्षण

गूगल फॉर्म्स या ऑनलाइन प्रश्नावली बनवण्याच्या सेवेत प्रश्नाचा प्रकार ‘मल्टिपल चॉइस’ ठेवला की पर्यायांपुढे गोल खुणा येतात आणि ‘चेकबॉक्सेस’ ठेवला की चौकोनी. गोल खुणांतून एकच पर्याय निवडता येतो, चौकोनांतून हवे तितके. त्यामुळे ‘मल्टिपल चॉइस’ या नावाने नवख्या माणसाचा गोंधळ उडू शकतो. या गोल खुणेचे रूढ नाव ‘रेडिओ बटण’ आहे आणि माझ्या मते ते अधिक नेमके आहे.

हे नाव मोटारींतल्या जुन्या रेडिओंवरून आले. त्यांच्यावर ठरावीक स्टेशनांसाठी बटणांची एक ओळ असे. बटण बाहेर ओढायचे, काटा हव्या त्या स्टेशनावर आणायचा आणि बटण पुन्हा आत दाबायचे, की ते स्टेशन त्या बटणाला नेमून दिले जाई. एक बटण दाबले की आधीचे वर येई, कारण एका वेळी एकच स्टेशन ऐकायचे असते. पुढे संगणकाच्या पडद्यावर हेच तत्त्व उतरले, आणि ॲपलच्या 1984च्या मॅकिंटॉश संगणकावर ते वर्तुळातल्या ठिपक्याच्या रूपात दिसते.

वेबपाने लिहिण्याची भाषा असलेल्या एचटीएमएलच्या 1995मधील 2.0 आवृत्तीच्या नियमानुसार अशा गटातले एक बटण सदैव निवडलेले असणे आवश्यक होते. फॉर्म तयार करणाऱ्याने कोणतेच निवडले नसेल, तर ब्राउझरने पहिले निवडायचे होते. सर्वेक्षणासाठी हा नियम घातकच म्हणायचा, कारण प्रश्न न वाचता पुढे गेलेल्या माणसाच्या नावावरही पहिले उत्तर जमा होई. गूगल फॉर्म्स सुरुवातीला सगळी वर्तुळे रिकामी ठेवते. शिवाय रेडिओ बटण पुन्हा दाबून निवड रद्द होत नाही, ही या प्रकाराची जुनीच अडचण. त्यावर, उत्तर सक्तीचे नसलेल्या प्रश्नात पर्याय निवडताच खाली ‘क्लिअर सिलेक्शन’ दिसू लागते. छोटीशी सोय, पण ती नसती तर चुकून लागलेली खूण काढण्यासाठी अख्खा फॉर्म कोरा करावा लागला असता.

‘मल्टिपल चॉइस ग्रिड’ या ओळी-रकान्यांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत एकच पर्याय निवडता येतो, आणि प्रत्येक रकान्यातही एकच उत्तर घेण्याची मर्यादा घालता येते. पसंतीक्रम विचारण्यासाठी हे उत्तम आहे. मात्र रकाने अधिक असले की मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ग्रिड हाताळणे कष्टाचे होते, म्हणून फोनवर भरायच्या फॉर्ममध्ये साधे, सुटे प्रश्नच ठेवावेत.