टँकखालच्या कपाटातला सीओटू सेट: सहा महिने वापरून झाल्यावर

माझा मासे आणि पाणवनस्पतींचा टँक तीन फुटी, 90 बाय 45 बाय 45 सेंटीमीटर. झाडांना सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, लागतो. दोन वर्षं साखर-यीस्टच्या बाटल्यांत तो तयार करून झाडं जगवली. पहिले चार दिवस बुडबुडे धो धो, मग थेंबभरही नाही, आणि या चढउतारात काचेवर शेवाळ माजायचं. जानेवारीत शेवटी दोन किलोचा सिलेंडर, दोन गेजचा (दाब दाखवणाऱ्या तबकड्यांचा) रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह), डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा) आणि ड्रॉप चेकर (पाण्यातल्या गॅसप्रमाणे रंग बदलणारा) असा पूर्ण सेट घेतला. दुकानाचा माणूस घरी येऊन बसवून गेला.

त्याचं एक काम मला फार आवडलं. खोकं उघडण्याआधी त्याने टेप काढून कपाट आतून मोजलं. सिलेंडर उभाच हवा, आडवा ठेवला तर आतला द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. शिवाय उंची धरायची ती वरच्या चाकासकट, आणि चाक फिरवायला हात जाईल एवढी जागा सोडून. माझ्या कपाटातली मधली फळी आड येत होती. "ताई, आधी सुताराला बोलवा, मी परवा येतो," म्हणून तो सरळ परत गेला. फळी निघाल्यावर सिलेंडर कोपऱ्यात उभा करून पट्ट्याने बांधला. मागच्या प्लायला अगदी तळाशी भोकंही पाडायला लावली, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो.

आता तक्रार. पहिला सिलेंडर तीन आठवड्यांत रिकामा झाला. दुकानात फोन केला तर म्हणाले, "तुम्ही गॅस जास्त सोडत असाल." मी सेकंदाला दोन बुडबुडे ठेवले होते, तेही दिवसाला आठ तास. सिलेंडर भरून आणला आणि सगळ्या जोडांवर ब्रशने साबणाचा फेस लावला. नळीचे जोड कोरडे ठणठणीत. पण सिलेंडरला रेग्युलेटर जिथे आवळतात त्या मोठ्या नटाखाली साबुदाण्याएवढा एक बुडबुडा धरला. हळूहळू फुगला, फुटला, आणि तिथेच दुसरा आला. आतला वॉशर एका बाजूने चेपलेला होता. तीस रुपयांच्या वॉशरपायी अख्खा सिलेंडर गेला, आणि ते तपासायचं काम बसवणाऱ्याचंच होतं. सेटमध्ये नळीही सिलिकॉनची दिली होती. सिलिकॉनमधून सीओटू झिरपतो. ती काढून पीयूची (पॉलियुरेथेनची) कडक नळी टाकली.

रेग्युलेटर मात्र खणखणीत आहे. नीडल व्हॉल्व्हला, म्हणजे गॅसचा वेग ठरवणाऱ्या बारीक नॉबला, केसाएवढा पीळ दिला तरी बुडबुड्यांत फरक दिसतो, आणि रात्री लावलेला वेग सकाळी तसाच असतो. टायमरवर सोलेनॉइड दिव्यांच्या दोन तास आधी उघडतो. तो हाताला गरम लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ड्रॉप चेकर मागे रेंगाळतो, पाण्यातला बदल त्याच्या रंगात उतरायला दोनेक तास लागतात. पहिल्या दिवशी निळा, म्हणजे गॅस कमी, दिसतो म्हणून मी गॅस वाढवत गेले आणि दुपारी टेट्रा मासे वर येऊन धापा टाकू लागले. लगेच गॅस बंद करून एअर पंप लावला, म्हणून वाचले. आता रोज थोडं थोडं वाढवून पोपटी हिरव्यावर आणून ठेवलाय.

रोटाला मॅक्रान्ड्रा ही पाणवनस्पती, मूळची आपल्या दक्षिणेतली, माझ्याकडे तीनदा सडली होती. आता तिचे शेंडे लालभडक आहेत, आणि दुपारी पानांच्या कडांना ऑक्सिजनचे मणी लागतात.

गॅस किती उरलाय ते मोठ्या गेजवर कळत नाही. आत द्रव असेपर्यंत काटा 60 बारच्या आसपास बसून राहतो आणि संपत आला की एकदम पडतो. म्हणून मी सिलेंडर ताणकाट्याला टांगते. रिकामं वजन त्याच्या गळ्याशी कोरलेलं असतं, ते वजा केलं की झालं. फेब्रुवारीत भरलेल्या सिलेंडरमध्ये काल 700 ग्रॅम शिल्लक होतं.