भात्याचं भोक: नेटारसोबत आठ महिने

जुन्या बाजारातून घेतलेल्या फिल्म कॅमेऱ्याने काढलेल्या १२ पैकी ९ फोटोंच्या आभाळात एकसारखा पांढरा फराटा. मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचा अख्खा रोल, तोही कुरियरने मुंबईला पाठवून धुवून आणलेला. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे, "चालू आहे म्हटलं होतं, नवीन कुठे म्हटलं?"

कॅमेरा झाइस इकॉन नेटार ५१८/१६, मिटून ठेवता येणारा, म्हणजे फोल्डिंग. काच (लेन्स) नोव्हार ७५ मिमी, एफ ६.३, व्हेरिओ शटर. साडेसहा सांगितले, घासाघीस करून पाच हजारांना घेतला. शटरला कान लावला, काच उजेडात धरली, भाता, म्हणजे काच आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची काळी पिशवी, मात्र बघितलाच नाही. दीड हजार वाचवल्याच्या आनंदात होतो ना!

रात्री खोलीत मिट्ट काळोख केला. मागचं झाकण उघडून आत बारीक टॉर्च धरला आणि भाता बाहेरून न्याहाळला. वरच्या कोपऱ्यात, घडी मोडते तिथेच, दोन चांदण्या! प्रतिमा आत उलटी पडते, म्हणजे फोटोतलं आभाळ फिल्मवर खाली. वरून शिरलेलं ऊन नेमकं तिथे सांडत होतं. उरलेले तीन फोटो संध्याकाळचे, म्हणून वाचले.

आमच्याकडे भजनाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक काका आहेत. बघताच म्हणाले, "अरे, ह्यो तर भातोच!" पेटीचं पातळ कातडं चिकटवून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण आता घडी जाड झाली, कॅमेरा मिटेना. कातडं सोलून काढलं आणि काळ्या फॅब्रिक पेंटचे तीन पातळ हात दिले. प्रत्येक हातानंतर रात्रभर उघडाच ठेवला. खर्च चाळीस रुपये.

पहिल्या महिन्यात मी याला पाचपैकी दोन दिले होते. आता चार. जेट्टीवरून काढलेल्या सिंधुदुर्गाच्या तटाचे चिरे मोजता येतात, तेही खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात. एक गुण पावसाळ्यासाठी कापला, खरं तर तो माझाच कापायला हवा. चामड्याच्या मूळ केसमध्ये ठेवला होता, जुलैत केसला पांढरी बुरशी. काच थोडक्यात वाचली. आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. निळे खडे गुलाबी झाले की ते बदलतो.

किमतीचं म्हणाल तर टेसर काच, कॉम्पूर शटर किंवा सुपर इकॉन्टा कॅमेऱ्यासारखा काचेच्या फोकसला जोडलेला रेंजफाइंडर (अंतरमापक) असेल तर जास्त मोजा. कोडॅकचे बरेच फोल्डिंग कॅमेरे ६२० नंबरच्या फिल्मचे असतात. ती फिल्म १९९५ ला बंद झाली. त्यात १२० नंबरचीच फिल्म ६२० च्या बारीक रिळावर अंधारात गुंडाळून घ्यावी लागते, तेव्हा भाव पाडूनच मागा. आणि भाता, भाता, भाता. युद्धानंतरच्या आग्फा आयसोलेट कॅमेऱ्यांचे भाते तर कोपऱ्यांत चिरण्यासाठी संग्राहकांत प्रसिद्धच आहेत.

परवा एकाने 'आयसोलेट ३' हे मॉडेल नऊ हजारांना सांगितलं. म्हटलं, संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन येतो. तेव्हापासून तो फोन उचलत नाही.