बेसबॉल पंच प्रशिक्षण शिबिर, सातारा: शिकवणं पक्कं, परीक्षा कच्ची

जायचं की नाही एवढंच कोणाला विचारायचं असेल तर उत्तर आधीच देते: जा. फी बाराशे रुपये, त्यात चहा आणि दुपारचं जेवण आलं. शिबिर शनिवार-रविवारी असतं. सकाळी सातपासून ऊन चढेपर्यंत मैदानावर, दुपारी वर्गखोलीत. मैदानावरचा भाग इतका चांगला शिकवला की तेवढ्यासाठी दुप्पट फी मागितली असती तरी दिली असती. शेवटी हातात जे प्रमाणपत्र पडतं, त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ती पुढे लिहिते.

मी एसटीत वाहक आहे, सातारा आगारात. शाळेत असताना खो-खो खेळले. मुलगी बेसबॉल खेळते, कॅचर आहे (बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी), त्यामुळे साप्ताहिक सुट्टी मिळाली की मी मैदानावर असते. आपल्याकडे हा खेळ बघायला गर्दी होत नाही, पण खेळणाऱ्या पोरांचं त्यावर बरंच काही अवलंबून असतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं वर गेलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचा टप्पा) एक चुकीचा निर्णय एखाद्या पोरीला जिल्ह्यावरच अडवून ठेवू शकतो. आणि तो निर्णय द्यायला पुष्कळदा असा माणूस उभा असतो, ज्याला आदल्या संध्याकाळी फोन आलेला असतो, की सर, उद्या तुम्ही उभे राहा.

आमचे प्रशिक्षक राज्य स्पर्धांना पंच म्हणून उभे राहिलेले, बोलायला कमी. पहिल्या सकाळी त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलंच नाही. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या जमिनीवरच्या पाटीच्या, दोन्ही अंगांना बांबू रोवले आणि दोन सुतळ्या आडव्या ताणल्या. खालची गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीला, वरची खांदा आणि कमरपट्टा यांच्या बरोबर मध्याला. मग सहावीतली एक बुटकी मुलगी बॅट घेऊन उभी केली, तिच्यानंतर अकरावीतला उंच मुलगा. दर वेळी सुतळ्या सोडून पुन्हा बांधायला लावल्या. स्ट्राईक झोन, म्हणजे जिथून चेंडू गेला की तो बॅटरच्या विरोधात स्ट्राईक म्हणून मोजतात ती चौकट, बॅटरप्रमाणे बदलतो आणि तो धरायचा असतो बॅट फिरवायच्या तयारीत बॅटर जसा उभा राहतो त्यावरून, हे त्या सुतळ्यांनी डोक्यात कायमचं बसलं. प्लेट १७ इंच रुंद. पण चेंडूची नुसती कड झोनला लागली तरी स्ट्राईक, आणि चेंडू जवळजवळ ३ इंच जाड. म्हणजे दोन्ही कडा धरल्या तर रुंदी २३ इंचांच्या आसपास जाते. कुंपणाबाहेरून "बाहेर होता, बाहेर होता" म्हणणाऱ्या आम्हा सगळ्या पालकांना एकदा त्या बांबूंमागे उभं करायला हवं.

उभं कुठे राहायचं, यावर सगळ्यात जास्त वेळ दिला आणि माझ्या मते शिबिराची खरी किंमत तिथेच वसूल होते. प्लेटमागे कॅचरच्या थेट पाठीमागे नाही, तर बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीत. हनुवटी साधारण कॅचरच्या डोक्याच्या उंचीला. मान हलवायची नाही, चेंडू ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत फक्त डोळ्यांनी न्यायचा, क्षणभर थांबायचं आणि मगच बोलायचं. ते क्षणभर थांबणं सगळ्यात अवघड. घाईने तोंडातून निघालेला "स्ट्राईक" परत घेता येत नाही.

दोनच पंच असतात तेव्हा बेसवरच्या पंचाने कधी कुठे उभं राहायचं, हे फक्कीने ए, बी, सी अशा खुणा करून शिकवलं. बेस रिकामे असतील तर पहिल्या बेसच्या मागे, फाउल लाइनच्या बाहेर, म्हणजे ए. फक्त पहिल्या बेसवर धावपटू असेल तर आत, पिचर (चेंडू टाकणारा) आणि दुसरा बेस यांच्या मध्ये पहिल्या बेसच्या अंगाला, म्हणजे बी. दुसऱ्या बेसवर धावपटू आला की त्याच पट्ट्यात तिसऱ्या बेसच्या अंगाला, सी. सर शिट्टी वाजवून नुसतं "पहिला-दुसरा!" किंवा "रिकामे!" असं ओरडायचे आणि आम्ही धावत त्या त्या खुणेवर. घाम निघाला, पण आता मॅच बघताना पाय आपोआप वळतात.

पहिल्या बेसवरच्या निर्णयाची (पाय आधी पोचला की चेंडू) युक्तीही तिथेच कळली. फेकीच्या रेषेला काटकोनात, पंधरा-अठरा फुटांवर उभं राहायचं. नजर धावणाऱ्याच्या पावलावर आणि बेसवर, कान चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याच्या आवाजाकडे. गच्च भरलेल्या गाडीत तिकीट काढताना माझी नजर मशीनवर आणि कान दारावर असतो, तसंच हे. टॅग करून बाद करायचं असेल तर मात्र जवळ जायचं, कारण तिथे आवाज कामाचा नाही, ग्लोव्ह अंगाला लागला का तेच बघायचं.

खुणांमागची कारणंही सांगतात, हे मला फार आवडलं. मारलेला चेंडू फेअर, म्हणजे फाउल लाइनच्या आत, असेल तर पंच फक्त बोट दाखवतो, तोंडातून शब्द काढत नाही. फाउल असेल तर दोन्ही हात वर आणि मोठ्याने "फाउल". का? फेअरलाही पंच ओरडला तर पळणाऱ्याला वाटेल फाउल झाला, आणि तो थांबेल. इनफिल्ड फ्लायवर तर जवळजवळ अख्खी दुपार गेली आणि जायलाच हवी होती, कारण आपल्या मैदानांवर सगळ्यात जास्त भांडणं त्यावरच होतात. दोनपेक्षा कमी बाद असताना पहिला आणि दुसरा, किंवा तिन्ही बेस भरलेले असतील आणि इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) सहज झेलू शकेल असा उंच चेंडू उडाला, तर झेल घ्यायच्या आधीच पंच बॅटरला बाद देतो. तसं नसतं तर क्षेत्ररक्षकाने मुद्दाम चेंडू सोडला असता आणि झेल होईल म्हणून बेसला चिकटून उभ्या असलेल्या दोन पोरांना फुकट बाद केलं असतं. हा नियम धावणाऱ्यांच्या बाजूचा आहे. हे एकदा पालकांना नीट सांगितलं तर निम्मा आरडाओरडा थांबेल.

वर्गखोलीतला बाकीचा भाग पातळ होता. बॉकसारखा (पिचरची बेकायदा हालचाल) किचकट विषय जेवणानंतर भरभर उरकला. छापील टिपणं सगळी इंग्रजीत. आमच्यात बरेच जण सॉफ्टबॉलचे पंच होते, त्यांच्या डोक्यात ६० फुटांचे बेस आणि चेंडू सुटेपर्यंत बेस न सोडणारे धावपटू. इथे बेस ९० फुटांवर, पिचर ६० फूट ६ इंचांवर, आणि धावपटू आधीच पुढे सरकून उभा. हा फरक सुरुवातीलाच तासभर बसून सांगायला हवा होता.

एक व्हिडिओ दाखवला, तो मनातून जात नाही. २ जून २०१०, अमेरिकेतलं डेट्रॉइट. पिचर गलाराग्गाने ओळीने २६ जण बाद केले होते. सत्ताविसावा, म्हणजे शेवटचा, बाद झाला की एकालाही बेस न देता मॅच संपणार होती. तो पहिल्या बेसवर स्पष्ट बाद होता आणि पंच जिम जॉईस यांनी सेफ दिला. मॅचनंतर त्यांनी स्वतः तो व्हिडिओ पाहिला आणि गलाराग्गाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ते प्लेटमागे उभे असताना गलाराग्गानेच येऊन त्यांच्या हातात संघाची यादी दिली. तिकडे २०१४ पासून मोठ्या लीगमध्ये रिप्लेची सोय बरीच वाढवली. आपल्या शाळेच्या मैदानावर रिप्ले नाही आणि येणारही नाही. इथे जे काही आहे ते पंचाचे डोळे आणि पाय.

म्हणूनच परीक्षेचं वाईट वाटलं. शेवटच्या दुपारी पर्यायी उत्तरांचा एक पेपर, बस्स. प्लेटची रुंदी किती, चेंडूचं वजन किती. ज्यांना मैदानावर बी आणि सी अखेरपर्यंत जमलं नाही, तेही पास आणि मीही पास, प्रमाणपत्र अगदी सारखं. क्रिकेटमध्ये बीसीसीआयच्या पंच परीक्षेला लेखीसोबत तोंडी आणि व्हिडिओवरचे प्रश्नही असतात. इथे एवढं सुंदर मैदानावर शिकवून मैदानावरच परीक्षा घेत नाहीत, हे मला पटलेलं नाही. शिवाय प्रमाणपत्राला मुदतही नाही. नियम तर बदलत राहतात. २०२३ पासून अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले. बरोबरी झाली तर तिथे जादा इनिंगला एक धावपटू दुसऱ्या बेसवर ठेवतात, काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही बेसवर. आपल्या स्पर्धेला यातलं काय लागू, हे ज्याला दर वर्षी तपासावं लागत नाही, तो पाच वर्षांनी जुनाच नियम लावणार.

बायकांसाठी दोन शब्द. आमच्या तुकडीत आम्ही मोजक्याच होतो, पण वागणूक बरोबरीची मिळाली आणि प्लेटमागची पाळी कोणाची चुकली नाही. चेस्ट प्रोटेक्टर मात्र पुरुषांच्या मापाचे, खांद्यावरून घसरतात. जमलं तर स्वतःचा घेऊन जा. आणि कोणी म्हणालं की हे बायकांचं काम नाही, तर जेन पावल यांचं नाव सांगा. त्यासुद्धा पूर्वी हौशी सॉफ्टबॉलच्या पंच होत्या आणि ९ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये नियमित हंगामाच्या मॅचला उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला पंच ठरल्या.

आयोजकांना मी लेखी कळवलं आहे: पेपरनंतर लगेच प्रमाणपत्र देऊ नका, आधी एखाद्या जुन्या पंचाच्या देखरेखीखाली काही मॅच करू द्या, त्याने सही केली की मगच द्या. मानधनाची अडचण आहे असं उत्तर आलं. तोवर मी माझ्यापुरती सोय लावली आहे. सुट्टीच्या दिवशी शाळांच्या सराव सामन्यांना बेसवर उभी राहते, प्लेटमागे एक अनुभवी पंच असतात आणि प्रत्येक इनिंगनंतर ते माझ्या वहीत लिहितात, कुठे उभी होते आणि कुठे असायला हवं होतं. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनीही असा कोणीतरी आधीच शोधून ठेवा.